अंधुक चित्राचा तपास

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शिवारात २००८ साली बिबट्यांची मोजदाद झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावले आणि २०१३ साली ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ बिबटे, तेही चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसे राहतात अशा बागायती पट्ट्यात! हा आकडा निघू शकला तो फोटो चांगले आले म्हणून. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आणि ती इतकी स्वच्छ उमटली होती की परवाचा नर आणि आजचा नर एकच की निराळा, हे ठरवता आले. आज त्याच तालुक्यात, आणि पुढे संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा अशा साऱ्या ऊसपट्ट्यात, वस्तीवरच्या घराला किंवा गोठ्याला वायफायचा कॅमेरा लावलेला दिसतो. कागदावर त्याची ताकद कमी नसते. तरीही रात्री दोन वाजता गव्हाणीजवळ आलेले जनावर बिबट्या, तरस की शेजारचे कुत्रे, हे मोबाइलवरच्या चित्रातून सांगता येत नाही. ओसरीवरून मोटर किंवा केबल चोरून नेणारा माणूस दिसतो, पण त्याचा चेहरा दिसत नाही. मग घरधनी कॅमेऱ्याला दोष देतो, दुकानदार जास्त मेगापिक्सेलचा दुसरा कॅमेरा सुचवतो, आणि चित्र पुन्हा तसेच येते.

या प्रकरणाचे म्हणणे असे की बहुतेक वेळा कॅमेरा निर्दोष असतो. चित्र खराब होते ते एक तर भिंगापर्यंत पोहोचण्याआधी, म्हणजे उजेड, धूळ, अंतर आणि कोन यांच्यामुळे; नाही तर भिंगातून निघून मोबाइलच्या पडद्यापर्यंत जाताना, म्हणजे भिंती, पत्रे, पिके, गर्दीच्या लहरी आणि अपुरे नेट यांच्यामुळे. वीज या दोन्हींच्या मुळाशी असते. दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते कळल्याशिवाय केलेला खर्च अंदाजाने केलेला खर्च ठरतो. टप्पा ओळखणे मात्र अवघड नाही, आणि त्याला कोणतेही खास यंत्र लागत नाही. आजच्या बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत मेमरी कार्डाची खाच असते. कार्ड घातलेले असेल तर कॅमेरा जे पाहतो ते तो थेट या कार्डावर लिहितो. त्या लिहिण्यात वायफायचा संबंध येत नाही. म्हणून एखाद्या खराब दिसलेल्या प्रसंगाची वेळ टिपून ठेवावी, कार्ड काढून संगणकाला लावावे आणि तोच प्रसंग तिथे पाहावा. कार्डावर चित्र स्वच्छ असेल तर भिंग, उजेड, कोन यांना हात लावण्याचे कारण नाही, बिघाड वाटेत आहे. कार्डावरही तसेच अंधुक असेल तर राउटर बदलून, बूस्टर लावून काहीही साधणार नाही. ही एक चाचणी निम्मे प्रश्न निकालात काढते, आणि तरीही ती सर्वांत कमी केली जाते, याचे वाईट वाटते.

कार्डावर चित्र चांगले निघाले असे धरू. आता वाटेचेही दोन तुकडे पडतात: कॅमेऱ्यापासून राउटरपर्यंतचा आणि राउटरपासून मोबाइलपर्यंतचा. घरात, त्याच वायफायवर मोबाइल ठेवून चित्र पाहावे. मग वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर पाहावे. घरात चांगले आणि बाहेर वाईट, असे झाले तर दोष दुसऱ्या तुकड्यात आहे. गावात फायबर पोहोचलेला असला तरी रानातल्या वस्तीवर अनेकदा सिमकार्डाचा राउटरच असतो, आणि मोबाइलच्या टॉवरची रचना मुख्यतः लोकांनी पाहावे यासाठी केलेली असते. टॉवरकडून घराकडे येणारी वाट रुंद, घरातून टॉवरकडे जाणारी अरुंद. कॅमेऱ्याला नेमकी ती अरुंद वाट लागते. शिवाय सिमकार्डाच्या नेटवर घराला स्वतःचा असा बाहेरून गाठता येणारा पत्ता बहुधा नसतो. अनेक ग्राहक एकाच पत्त्याआड असतात. त्यामुळे कॅमेरा आणि मोबाइल अनेकदा थेट जोडले न जाता कंपनीच्या मधल्या सर्व्हरमार्फत बोलतात, आणि तो सर्व्हर जेवढे वाहू देईल तेवढेच चित्र येते. डेटाचा हिशेबही करून पाहावा. १०८० पिक्सेलचे चित्र साधारण सेकंदाला २ मेगाबिट खाते. म्हणजे २ जीबीचा रोजचा पॅक सलग पाहिल्यास सव्वादोन तासांत संपतो, आणि त्यानंतर वेग इतका घसरतो की चित्र अडखळणारच. अशा जागी ॲपमध्ये ‘एचडी’चा हट्ट सोडून हलके चित्र पाहावे आणि पूर्ण दर्जाचे चित्र कार्डावर साठू द्यावे. पाहण्याचे चित्र आणि पुराव्याचे चित्र ही दोन वेगळी कामे आहेत. बहुतेक कॅमेरे ती वेगळी ठेवण्याची सोय देतात.

घरातसुद्धा चित्र थांबत असेल, चौकोनी तुकडे पडत असतील, माणूस ओसरीच्या या टोकाला दिसून एकदम त्या टोकाला प्रकटत असेल, तर पहिला तुकडा तपासायचा. घरगुती कॅमेरे बहुतांशी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. तिला अडवणाऱ्या गोष्टी दोन: धातू तिला परतवतो आणि पाणी तिला पिते. आता अहिल्यानगर जिल्ह्यातली घरे या नजरेने पाहावीत. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फुटी भिंतींची धाब्याची घरे, काळ्या दगडाचे जुने वाडे, त्यांना जोडून उभ्या राहिलेल्या स्लॅबच्या खोल्या, आणि सगळ्यांच्या मागे पत्र्याचा गोठा. जाड ओलसर भिंत लहरीची बरीच शक्ती खाते, स्लॅबमधली सळई आणखी खाते, आणि पत्रा तर तिला जवळजवळ आरपार जाऊच देत नाही. राउटर असतो बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या मागे. कॅमेरा असतो गोठ्याच्या पत्र्याखाली, आतल्या बाजूला. मधे पत्र्याची अख्खी बाजू आडवी. अशा ठिकाणी कॅमेरा बदलण्याआधी त्याला पत्र्याबाहेर काढावे. छपराच्या कडेपासून फूट-दीड फूट पुढे प्लास्टिकच्या पाइपवर तो बसवला आणि त्याचा अँटेना पत्र्याला टेकू न देता सरळ उभा ठेवला, तर एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. अँटेना कांडीसारखा असतो आणि लहरी त्याच्या अंगाने चहूबाजूंना पसरतात, टोकाच्या दिशेने फार कमी. कांडी राउटरकडे रोखून धरली म्हणजे जोर तिकडे जाईल, ही समजूत म्हणूनच नेमकी उलटी आहे.

सर्वांत गोंधळात टाकणारी तक्रार वेगळीच असते: बसवला तेव्हा उत्तम चालत होता, चार-सहा महिन्यांत बिघडला. यावरून कॅमेरा हलक्या प्रतीचा होता असा निष्कर्ष काढणे स्वाभाविक वाटते. पण उसाच्या पट्ट्यात आधी घरापासून कॅमेऱ्यापर्यंतच्या रानाकडे पाहावे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे आले, १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि या साऱ्या खोऱ्यात ऊस हे मुख्य पीक झाले. बागायत सांभाळायला माणसे गावठाण सोडून मळ्यात राहू लागली. म्हणून इथे घर आणि विहीर, घर आणि गोठा, भावाची वस्ती आणि आपली वस्ती यांच्यात बहुधा उसाचे रान असते. ऊस तुटून गेल्यावर मोकळ्या रानात बसवलेला कॅमेरा खोडवा वाढेपर्यंत सुखाने चालतो. पुढे दहा-बारा फूट उंचीची, पाण्याने भरलेली, पानापानाने दाटलेली भिंत उभी राहते. पावसाने पाने भिजली की तिचा अडसर आणखी वाढतो. आडसाली लागण सोळा-अठरा महिने रानात असते. म्हणजे वर्षाहून अधिक काळ वाट बंद.

ऊस नजरेच्या रेषेखाली असला तरी भागत नाही, हेही सांगायला हवे. रेडिओलहर दोरीसारखी सरळ जात नाही. दोन अँटेनांच्या मधे ती लांबट फुगवट्यात पसरलेली असते. अंतर १०० मीटर असेल तर मध्यावर या फुगवट्याची त्रिज्या सुमारे पावणेदोन मीटर भरते आणि चांगल्या जोडणीसाठी तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. याचा अर्थ असा की उसाच्या शेंड्यावरून आणखी मीटरभर मोकळी हवा हवी. उसाची उंची साडेतीन मीटर धरली तर दोन्ही टोके साधारण साडेचार मीटरवर, म्हणजे पंधरा फुटांवर गेली पाहिजेत. एकमजली स्लॅबवर चार-पाच फुटांचा पाइप उभा केला की एका टोकाची उंची साधते. गोठ्याकडे खांब लागतो. इथे घरगुती राउटरच्या भरवशावर न राहता दिशादर्शी अँटेनांची रेडिओजोडी लावणे शहाणपणाचे. ५ गिगाहर्ट्झवर हाच फुगवटा १०० मीटरला सुमारे १.२ मीटर त्रिज्येचा होतो, त्यामुळे शेंड्यावरून जाणे सोपे पडते. मात्र ही लहर आडव्या आलेल्या पानांपुढे २.४ पेक्षाही लवकर हार मानते, तेव्हा वाट खरोखर मोकळी असली तरच तिचा उपयोग.

बऱ्याच कॅमेऱ्यांच्या ॲपमध्ये लहरीची तीव्रता आकड्यात दिसते आणि तो आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत चित्राला पुरेसे, उणे ७५ च्या खाली अडखळणे सुरू, उणे ८० ला जोडणी तुटायच्या बेतात. दर ३ अंकांनी शक्ती निम्मी होते. उणे ५० पासून उणे ८० म्हणजे एक हजारांश. ॲपमधल्या दोन-तीन काड्यांपेक्षा हा आकडा खूप काही सांगतो. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: एक कमकुवत कॅमेरा बाकीच्यांनाही ओढून खाली आणतो. वायफायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. लांबच्या कॅमेऱ्याची जोडणी सेकंदाला ६ मेगाबिटवर घसरली असेल, तर २ मेगाबिटचे चित्र पाठवायला तो प्रत्येक सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी अडवतो. असे तीन कॅमेरे असले की इतरांसाठी वेळच उरत नाही. म्हणून चारपैकी चारही चित्रे बिघडली असली तरी दोषी एकच असू शकतो; एकेक बंद करून पाहिले की तो सापडतो.

अहिल्यानगर शहरातल्या सावेडी किंवा केडगावच्या दाट वसाहतीत वेगळा प्रश्न आहे. तिथे ऊस नाही, शेजारी आहेत. भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली परवान्यातून मुक्त केला. त्यामुळेच आज कोणीही राउटर विकत घेऊन लावू शकतो. पण जे सर्वांना मोकळे आहे त्यात कोणालाच राखीव जागा नाही. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका इमारतीत वीस राउटर असतील तर ते या तीनांत कोंबले जातात. कोणता चॅनेल कमी गजबजलेला आहे ते मोबाइलवरच्या मोफत ॲपने दिसते. राउटर हाताने त्यावर बसवावा आणि लहरीची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करावी. वेगाचा आकडा कमी दिसेल, चित्र मात्र स्थिर होईल. या सगळ्यावर उपाय म्हणून बूस्टर सुचवला जातो, आणि तो पूर्णपणे टाकाऊ नाही. पण साधा बूस्टर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे उपलब्ध वेळ जवळपास निम्मा होतो. आणि लोक तो कॅमेऱ्याशेजारी, जिथे लहर आधीच मेलेली आहे तिथे लावतात. त्याची जागा मधल्या अंतरावर, लहर अजून चांगली असते तिथे. पत्र्याच्या भिंतीला मात्र बूस्टर हे उत्तर नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा केबलच का ओढू नये? बिनतारी कॅमेऱ्यालाही विजेची वायर लागतेच! जिथे केबल नेता येते तिथे ती न्यावी, यात माझ्या मनात शंका नाही. घराच्या चार कोपऱ्यांवरच्या कॅमेऱ्यांना वायफाय देण्याचे सोय सोडून दुसरे कारण नसते. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर, आणि त्यातूनच वीजही देता येते. पण मळ्यातली परिस्थिती निराळी आहे. रानातून पुरलेली केबल नांगराच्या फाळाला, उंदरांना आणि ठिबकच्या चारीला बळी पडते. वरून टांगलेली केबल उसाच्या ट्रॉलीला अडकते. आणि वळिवाच्या विजा पडतात तेव्हा दोन इमारतींना जोडणारी लांब तांब्याची तार दोन्हीकडची उपकरणे जाळू शकते. तिथे बिनतारी जोडणी अधिक सुरक्षित ठरते. प्रश्न बिनतारी की तारेची असा नाहीच. बिनतारी निवडली असेल तर लहरीची वाट तारेइतक्याच काळजीने आखली पाहिजे, एवढेच.

आता दुसरी शक्यता: कार्डावरच चित्र वाईट आहे. येथे बिघाडाची जात चित्रातच वाचता येते. दिवसा सर्वत्र दुधाळ पडदा असेल तर भिंगापुढच्या काचेवर धूळ आहे. गळीत हंगामात कारखान्यांच्या आसपास बगॅसची काळी राख उडते आणि दवाच्या ओलाव्याने चिकटून बसते. ती कोरडी घासली की काचेवर कायमचे ओरखडे पडतात, म्हणून आधी पाण्याने भिजवावी आणि मऊ कापडाने टिपावी. दिवसा चित्र गुलाबी-जांभळे दिसत असेल तर आतली अवरक्त किरणे गाळणारी काच रात्रीच्या जागी अडकली आहे. संध्याकाळी कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो तो ती सरकण्याचा; तो येत नसेल तर मात्र कॅमेरा खरोखर दुरुस्तीला न्यावा. रात्रीच पांढरे धुके दिसत असेल आणि बाहेर धुके नसेल, तर कोळ्याचे जाळे पाहावे. भिंगापासून बोटभर अंतरावरचा एक तंतू कॅमेऱ्याच्याच अवरक्त दिव्याने इतका उजळतो की बाकीचा गोठा काळोखात जातो. चुना दिलेली भिंत किंवा छपराची कड चौकटीच्या कोपऱ्यात आली तरी हेच घडते: कॅमेरा त्या चकाकीला जुळवून घेतो आणि दूरचे सगळे बुडते. कॅमेरा बोटभर वळवला की दुरुस्ती झाली.

एक कारण मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ते पुन्हा उसाशीच जोडलेले आहे. कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण चौकट आणि मधल्या चौकटींत फक्त काय बदलले एवढेच, अशी त्याची काटकसर चालते. सेकंदाला २ मेगाबिट हा त्याचा ठरलेला वाटा. अंगण स्थिर असेल तर तो सगळा वाटा चालत्या माणसाला मिळतो. पण चौकटीचा अर्धा भाग वाऱ्याने हलणाऱ्या उसाने, लिंबाच्या फांद्यांनी व्यापला असेल तर प्रत्येक पान प्रत्येक क्षणी बदलत असते, आणि जवळपास सगळा वाटा पानांवर खर्च होतो. माणसाच्या चेहऱ्याला जे उरते त्यात तो चिखलासारखा पसरतो. हा दोष वायफायचा वाटतो, कारण यातही चौकोनी ठिगळे दिसतात. पण ती कार्डावरही असतात, आणि वारा पडला की कमी होतात. कॅमेरा खाली झुकवून ऊस आणि आभाळ चौकटीबाहेर काढावे, सेकंदाला पंचवीसऐवजी पंधरा चौकटी ठेवाव्यात आणि कार्डासाठी बिटरेट, म्हणजे सेकंदाचा हा वाटा, शक्य तितका वाढवावा. रात्रीच्या चित्रातले रवाळ दाणे हेही असेच वाटा खाणारे बदल आहेत, म्हणून उजेड वाढवला की तीक्ष्णताही वाढते.

आता दुकानातल्या सल्ल्याकडे वळू: जास्त मेगापिक्सेल घ्या. याला उत्तर मोजमापाने देता येते. सुरक्षा कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात असे धरतात की काहीतरी आले आहे हे कळायला एका मीटरच्या रुंदीला २५ पिक्सेल पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रुंदी १९२० पिक्सेल. त्याचे भिंग ९० अंश पाहत असेल तर जेवढे अंतर, त्याच्या दुप्पट रुंदी चौकटीत मावते. हिशेब केला की ओळख पटण्याजोगा चेहरा चार मीटरच्याही आत मिळतो आणि ‘काहीतरी आले’ हे अडतीस मीटरपर्यंत कळते. आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर चार मीटरचे पावणेआठ होतात, चाळीस नव्हे. त्या बदल्यात तेवढ्याच आकाराच्या संवेदकावर चौपट ठिपके कोंबले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला पाव उजेड येतो, आणि वायफायवरचा भार वाढतो. दिवसाउजेडी, तारेने जोडलेल्या कॅमेऱ्यात ही वाढ कामाची आहे. अंधाऱ्या गोठ्यातल्या कमकुवत जोडणीवर ती नुकसान करते. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या फोटोंचे रहस्य इथेच आहे. जनावर जवळून जाईल अशी वाट शोधून, तिच्या कडेला कमी उंचीवर कॅमेरे लावले की नक्षी भरपूर पिक्सेलांत उमटते. आणि फोटो कॅमेऱ्यातच राहतो, कोठे प्रवास करत नाही. घराच्या कॅमेऱ्यालाही हीच दृष्टी लागू पडते. एक कॅमेरा उंचावर, सगळे अंगण पाहणारा. दुसरा फाटकाच्या किंवा गोठ्याच्या तोंडाशी, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, अरुंद भिंगाचा, फक्त तेवढीच जागा पाहणारा. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही मागणे हेच बहुतेक निराशेचे मूळ आहे.

रात्रीची हालचाल हा आणखी एक अडसर. अंधारात कॅमेरा झडप जास्त वेळ उघडी ठेवतो, साधारण सेकंदाचा पंचविसावा भाग. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी मोटरसायकल तेवढ्यात ४० सेंटिमीटर पुढे सरकते. नंबरप्लेटच्या जागी पांढरी रेघ उरते. सावकाश चालणारा माणूसही पाच सेंटिमीटर सरकतो, आणि चेहऱ्याचे नाक-डोळे तेवढ्यात मिसळून जातात. यावर महागडा उपाय शोधण्याआधी बाहेर एक ९ वॅटचा एलईडी दिवा लावून पाहावा. तो कॅमेऱ्यापासून पाच-सात फूट बाजूला असावा म्हणजे किडे भिंगापुढे घोंगावणार नाहीत, आणि त्याचा उजेड येणाऱ्याच्या तोंडावर पडावा, पाठीवर नव्हे. अवरक्त दिव्याच्या भरवशावर राहायचे असेल तर अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड पाव होतो, हे गणित विसरू नये. खोक्यावर लिहिलेले तीस मीटर हे काहीतरी दिसण्याचे अंतर असते, ओळखण्याचे नव्हे.

वीज हा विषय शेवटी घेतला, पण रात्रीच बंद पडणाऱ्या कॅमेऱ्याच्या बाबतीत तो पहिला आहे. दिवसा ठीक आणि अंधार पडताच कॅमेरा पुन्हापुन्हा सुरू होतो, अशी तक्रार असेल तर वायरची लांबी मोजावी. अवरक्त दिवे लागले की कॅमेरा जास्त प्रवाह ओढतो. १२ व्होल्टचा अडॅप्टर घरात ठेवून अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर ३० मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध दोन ओहमच्या वर भरतो. एक अँपिअर प्रवाहाला दोन व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच गळतात आणि कॅमेऱ्याला दहाही मिळत नाहीत. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याची अवस्था याहून वाईट. २३० व्होल्टची वायर कॅमेऱ्याजवळ नेऊन अडॅप्टर तिथे पेटीत बसवला की हा प्रश्न मिटतो. मळ्यात सिंगल फेज गेली की राउटरही जातो, म्हणून राउटरला छोटा बॅटरी बॅकअप हवाच. सौर पॅनेलवरचे कॅमेरे वीज वाचवण्यासाठी झोपलेले असतात आणि उष्णतेच्या फरकाने जागे होतात. जागे व्हायला लागणाऱ्या क्षणभरात जनावर निघून जाते. आणि एप्रिल-मे महिन्यांत हवाच अंगाएवढी तापलेली असते तेव्हा त्यांना फरकच कळत नाही.

हे सगळे करून चित्र स्वच्छ मिळाले तरी ते हरवण्याची एक जागा उरते. चोरी झाली की लोक ॲपमधले चित्र पडद्यावरूनच टिपतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवतात. तिथे ते पुन्हा दाबले जाते आणि कष्टाने मिळवलेला चेहरा पुन्हा पुसट होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्यात फाइलची हॅश म्हणजे तिची अंकी खूण नोंदवावी लागते. ती खूण अर्थपूर्ण ठरते मूळ फाइलची, पुढे पाठवलेल्या प्रतीची नव्हे. कॅमेऱ्याचे घड्याळही तपासलेले असावे, कारण वीज जाऊन आल्यावर नेट मिळाले नाही तर काही कॅमेऱ्यांची तारीख भलतीच होते. आणि वेळ थोडा असतो. सेकंदाला २ मेगाबिटने सलग लिहिणारा कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी भरतो. ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसांच्या आत भरून जुन्यावर नवे लिहू लागते. घटना कळताच कॅमेऱ्याची वीज बंद करावी, कार्ड काढून पाकिटात ठेवावे, त्यावर तारीख घालावी, आणि कॅमेऱ्यात दुसरे कार्ड सरकवावे.